बारा वाजले तरी न उठणाऱ्या आत्याला

आत्या, मरायला तुला हाच आठवडा सापडला का? बेटावर एकोणीस घरटी, घरट्यांत अंडी, वरून वैशाखाचं ऊन, आणि सकाळची पाळी तुझी. अजून तीन आठवडे थांबली असतीस तर पिल्लं निघून चालायला लागली असती. मग मी तुला काही म्हटलं नसतं. म्हणजे म्हटलं असतंच, पण एवढं नाही.

परवा तुझा दहावा झाला. घाटावर पिंड मांडला आणि सगळे हात जोडून कावळ्याची वाट बघत बसले. कावळे होते की! समोरच्या लिंबावर चांगले पाच-सहा. एकही खाली येईना. कोणी म्हणालं, जीव कशात तरी अडकलाय. तुझी नणंद म्हणाली, देडतलाईच्या बाजारात हिरवी साडी बघून ठेवली होती, ती घ्यायची राहिली. मग साडीचं कबूल केलं, तरी नाही. जिलेबीचं कबूल केलं, तरी नाही. मला हसू येत होतं आणि चीडही. या लोकांना कोण सांगणार की तू अख्खा चैत्र याच कावळ्यांना गोफणीने हाणलंस, अंडी पळवतात म्हणून? ते तुझ्या पिंडाला कसे शिवतील? त्यांना वाटलं असेल, म्हातारी इथेच कुठेतरी दगड घेऊन दबा धरून बसली आहे.

शेवटी मी पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "आत्या, सकाळची पाळीही मीच बघते." तरी नाही. माझ्यावर तुझा भरवसा नव्हताच कधी. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, आणि सगळे जेवायला उठले.

जेवताना प्रत्येकाचा एकच प्रश्न. "कसली पाळी वं?" मी सांगून सांगून थकले. दापोरा गावाच्या खाली, आत्याच्या टरबुजाच्या वाडीसमोर, नदीच्या दोन धारांच्या मध्ये वाळूचं बेट आहे. त्यावर नदी सुरय नावाचे पक्षी एकत्र अंडी घालतात. घरटं म्हणजे वाळूत नुसता खळगा. पाणी उतरलं की कुत्री पलीकडे जातात, म्हशी जातात, फोटो काढणारे जातात. पक्षी उडाले की अंडी उघडी पडतात, आणि या उन्हात उघडं अंडं किती वेळ टिकणार? म्हणून हे पक्षी सगळीकडून कमी होत चाललेत. म्हणून सकाळी सहा ते बारा आत्या राखण बसायची आणि बारा ते दिवस मावळेपर्यंत मी.

एवढं सगळं ऐकून तुझी नणंद म्हणाली, "म्हणजे पाखरांपायी आमची बाई उन्हात बसवून मारली तुनं."

डॉक्टरांनी सांगितलं की हृदय होतं, जुनं दुखणं होतं. तू कोणाला बोलली नव्हतीस. पण डॉक्टरांचं कोण ऐकतं? पत्रावळीवर वरण वाढताना माझ्याकडे असं बघत होते की मीच तुला हात धरून वाळूत पुरली. आणि तू मेलीस म्हणून तुला विचारताही येत नाही की आत्या, सांग यांना, मी तुला बसवली की तूच उठत नव्हतीस.

कारण तू उठायची नाहीस. तीन उन्हाळे झाले, एक दिवस तू बाराला उठली असशील तर शपथ. मी बुरहानपूरच्या लालबागहून गाडीवर यायची, डोक्याला ओढणी, हातात छत्री, तुझ्या गोणपाटाजवळ उभी राहायची. "आत्या, बारा वाजले." तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायची आणि परत बेटाकडे तोंड करायची. "बस न बाजूले. काय घाई हे?" एक वाजायचा, दीड वाजायचा. मी बाजूला उभी, तू आपली बसलेली. माझ्या पाळीतला रोज दीड तास तू खाल्लास, हे मी तुला तोंडावर सांगितलं होतं. तू म्हणालीस, "पोट नाही भरलं."

तुझं हे बसणं मी लहानपणापासून बघते. बारावीनंतर बाबा म्हणाले, पुरे झालं शिक्षण. तू सासरहून सकाळी आलीस, आमच्या ओट्यावर बसलीस, आणि भावाला म्हणालीस, "पोरगी कॉलेजले जाईन. तू हो म्हन, मंग मी उठीन." आईने चहा दिला, घेतला नाहीस. जेवायला बोलावलं, हलली नाहीस. येणारे-जाणारे विचारायला लागले, बाई का बसली? दिवे लागायच्या वेळी बाबांनी हात टेकले. त्यानंतर मी बुरहानपूरच्या कॉलेजात गेले, प्राणिशास्त्र घेतलं, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले. आणि तू जन्मभर सगळ्यांना सांगत राहिलीस की हे अंडं मी उबवलं. लग्नकार्यात, दुकानात, बसस्टँडवर. मला लाज वाटायची. मी अभ्यास केला होता, आत्या. तू फक्त बसली होतीस.

हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मंग तू बसून दाखव."

आता वहीचं.

कॉलेजच्या सरांनी मला यंदा सांगितलं होतं की नुसती राखण करून भागत नाही, लिहून ठेव. कागद असला तर वनखात्याला सांगता येतं की या दोन महिन्यांत बेटावर कोणाला जाऊ देऊ नका. त्यांना हवं होतं की अंड्यांवर नर किती वेळ बसतो आणि मादी किती वेळ. दोघं आळीपाळीने बसतात एवढं पुस्तकात आहे. मी चांगली जाड वही घेतली, पट्टीने रकाने आखले. घरट्याचा नंबर, वेळ, कोण उठलं, कोण बसलं. नर, मादी.

अडचण पहिल्याच दिवशी आली. दोघांची टोपी काळी. दोघांची चोच पिवळी. दोघांचे पाय लाल. नर आणि मादी दिसायला सारखेच. मी तुला पुस्तक उघडून दाखवलं. तू पुस्तकाकडे न बघता बेटाकडे बोट केलंस.

"तो पाय, गडी आला. आता बाई उठीन."

"कशावरून गडी?"

"दिसते नं."

"काय दिसतं?"

"तुले नाही दिसत का? मंग कॉलेजात काय पाह्यत होती?"

"आत्या, पुस्तकात लिहिलंय की ओळखता येत नाही."

"तुह्या पुस्तकाले कधी ऊन लागलं का?"

मी पुस्तक मिटलं. रकाने रिकामे होते. आठवडा गेला, रिकामेच. आणि मग मी लिहिलं. हे आज पहिल्यांदा कबूल करते. विद्यार्थ्यांना प्रयोगवही खोटी लिहिली म्हणून उभं करणारी मी, माझी मार्कशीट चौकटीत बसवून भिंतीला लावलेली, आणि मी तुझ्या बोटावरून नर-मादी लिहीत गेले. सकाळचं तू तोंडी सांगायचीस, दुपारचं माझ्या शेजारी बसून, दुर्बिणीतून बघून. अक्षर मात्र इतकं छान काढलं की कोणाला शंका येऊ नये.

मग महिनाभराने मी वही नीट वाचली आणि माझं डोकं फिरलं. ऊन चढायच्या वेळचं ठीक होतं, मादी उठली, नर बसला. पण सकाळी? काळ्या दगडाजवळचं सात नंबरचं घरटं: मादी उठली, मादी बसली. अकरा नंबर: मादी उठली, मादी बसली. सगळ्या सकाळी तेच. आणि ऐन दुपारी, नर उठला, नर बसला.

"आत्या, एका घरट्यात दोन माद्या कशा?"

तू टरबूज कापत होतीस. मान वर केली नाहीस. "सवती असतीन."

"आणि दुपारी दोन नर?"

"ते मले नको विचारू. त्यांच्या घरचं हे."

मी ओरडले. होय, ओरडले. म्हणाले, थापा मारू नकोस, मला हा कागद वर द्यायचाय, माझं नाव जाईल. तू मला समजतेस तरी काय? एवढं शिकून मी तुझ्या सांगण्यावर चालले हीच माझी चूक. तू टरबुजाची फोड माझ्यापुढे ठेवलीस, सुरी धुतलीस, आणि म्हणालीस, "मंग बस तूच दोन्ही पाळ्या."

दुसऱ्या दिवशी तरी तू आलीस. बारा वाजता मी आले. तू दीडला उठलीस. काठी दिलीस, पाण्याचा डबा दिलास, बोलली नाहीस. मीही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तेच. दोन्ही दिवस फोड मात्र झाकून ठेवलेली असायची. मी खाल्ली नाही. मुंग्यांनी खाल्ली.

चौथ्या दिवशी पहाटे तू चुलीपुढे बसलीस ती उठलीच नाहीस.

यात माझी चूक आहे का? मी दहा दिवस हाच विचार करते आणि दर वेळी तुझाच राग येतो. भांडण अर्धवट टाकून जायचं ही कोणती रीत? निदान हरायचं तरी, किंवा जिंकायचं तरी.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी सगळे राख सावडायला निघाले. मी म्हणाले, मी नाही येत, बेटावर कोणी नाही. बाबा म्हणाले, "लाज वाटत नाही का? जिनं तुला शिकवलं तिची राख सावडायला यायचं नाही?" गेले. तुझी राख गोळा केली, अजून कोमट होती. नदीत सोडली. तिथून तशीच गाडी काढली आणि पळत खाली आले तर दोन कुत्री बेटावर. पक्षी वर आरडत गोल गोल फिरत होते. मी पाण्यातून ओरडत गेले, चप्पल एक वाहून गेली. कुत्री हाकलली तोवर तीन घरटी गेली होती. सात नंबर वाचलं होतं. तुझ्या राखेपायी तीन घरटी, आत्या. तू असतीस तर मला म्हणाली असतीस, "राख काय पळून जात होती का?" हेच म्हणाली असतीस. आणि तू नव्हतीस म्हणूनच हे झालं.

मग मी दोन्ही पाळ्या बसायला लागले. सुट्ट्या आहेत म्हणून जमलं. पण सहा ते सात, तेरा तास, एकटीने होत नाही. पाणी प्यायला उठावं लागतं, बाईमाणसाला आणखी कशाकशाला उठावं लागतं. डोळे चिकटतात. त्यात एक दिवस सात नंबरचा जोडीदार आलाच नाही. बसलेलं पाखरू चोच उघडी टाकून धापा टाकत होतं. बारा वाजले, एक वाजला. मधेच उठून अंड्यांवर सावली धरून उभं राहायचं, परत बसायचं. मी दुर्बीण लावून बसलेली, आणि माझ्याच घशाला कोरड. म्हटलं, गेलं हे घरटं. एकट्याने काही निभत नाही. दोनच्या सुमाराला दुसरं आलं. पाण्याला पोट लावून, निथळत. शेजारी उभं राहिलं. आणि पहिलं उठेना! इतका वेळ जीव जात होता आणि आता उठेना. दुसऱ्याने सरकवलं तेव्हा कुठे उठलं. मला तुझीच आठवण आली आणि मी भर उन्हात एकटी पाखराला शिव्या दिल्या.

एवढं झाल्यावर परवा घाटावर मी ते पुटपुटले, सकाळची पाळीही मी बघते. तुला ऐकू गेलं नाही, कावळ्यांना गेलं नाही. पण तुझ्या मालकांना, फुफाजींना गेलं.

काल सकाळी सहाला मी वाडीत उतरले तर फुफाजी आधीच बसलेले. तेरा वर्षांपूर्वी केळी लावली तेव्हापासून जे नदीत उतरले नव्हते, पाखरांच्या राखणीला "रिकामे धंदे" म्हणायचे, ते. मुंडण केलेलं डोकं, हातात तुझी काठी. तुझ्या गोणपाटावर बसले नव्हते, बाजूला वाळूत बसले होते.

"फुफाजी, तुम्ही?"

"तुह्याच्यानं दोन पाळ्या होत नाही. दिसते मले." मग म्हणाले, "नर-मादी बी मले सांगता येत नाही. ते सोडून बाकी करीन."

मी म्हटलं, आत्याला तरी कुठे येत होतं? तर ते हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

"तिले काय ओळखू येतीन? तिले मी बांधावरून ओळखू येत नव्हतो. ज्याचं पोट ओलं तो गडी, कोरडं ती बाई. असा हिशेब होता तिचा. घरी येऊन सांगे मले, आज इतके गडी आले."

ओलं पोट. आत्या, मला माहीत होतं की दुपारच्या उन्हात येणारा पक्षी आधी पाण्याला पोट लावतो आणि ओल्या पिसांनी अंडी गार करतो. पुस्तकात आहे. नर करतो, मादीही करते. मी डोळ्यांनी रोज बघत होते. पण तू गडी म्हणतेस ते त्याच्यावरून, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी वही उघडली. सकाळी ऊन कमी, पोटं कोरडी, म्हणून दोन माद्या. ऐन दुपारी दोघं ओले, म्हणून दोन नर. तुझी एकही ओळ खोटी नव्हती. मी दिलेलं नाव चुकीचं होतं. कोणी किती वाजता पोट भिजवून आलं याची महिनाभराची नोंद तू मला दिली होतीस, आणि मी तुला थापाडी म्हणाले.

"पण ओलं म्हणजे गडीच, हे कुठून काढलं तिनं?"

फुफाजींनी बिडी काढली, पेटवली नाही. बेटाकडे बघत म्हणाले, "तू झोळीत होती."

मला एवढंच ठाऊक होतं की आई बाळंतपणात आजारी होती आणि माझा पहिला उन्हाळा तुमच्या वाडीत गेला. पुढचं काल कळलं.

"इथंच खोपी होती. तिच्या बल्लीले झोळी बांधेल. ऊन असं का झोळीले हात लावता येत नव्हता. सकाळपासून ती झोळीपाशी बसे. बाराले मी येऊ, मंग ती वाडीत पाणी द्यायले जाय. पयल्या दिवशी मी असाच आलो, तं उठेच नाही. 'पंचा भिजवून आन' म्हणे. मी परत नदीवर गेलो, पंचा भिजवला, झोळीवर टाकला. तवा उठली. मंग रोजचंच झालं. लांबून पाहे, पंचा ओला हे का कोरडा. कोरडा असला तं बसेल ते बसेल."

आत्या.

तीन उन्हाळे मी बाराला तुझ्यापुढे कोरडी उभी राहत होते. छत्री, ओढणी, दुर्बीण, वही, सगळं घेऊन, आणि कोरडी. तू वरपासून खालपर्यंत बघायचीस ते हे बघायचीस का? एक वाक्य बोलायला काय झालं होतं? "भिजून ये" एवढंच. नवऱ्याला सांगितलंस, मला नाही. मी विचारलंही होतं, काय दिसतं म्हणून. तू म्हणालीस, तुले नाही दिसत का? इतकी कशी गं तू हट्टी? मला चिडवायला तुला एवढं आवडायचं की हे सांगायचं राहून गेलं? की तुला वाटलं, कळेल तिला, शिकलेली आहे?

वहीतले मथळे मी खोडले. नर-मादीच्या जागी ओलं-कोरडं लिहिलं. तुझ्या ओळींना हात लावला नाही. सरांना द्यायच्या कागदावर पाहणाऱ्यांत तुझं नाव पहिलं टाकलंय, माझं दुसरं. याचा अर्थ तू जिंकलीस असा नाही. सवती हा शब्द तू वापरला होतास, ते मी विसरलेली नाही.

आज सकाळची पाळी फुफाजींची. काठी उलटी धरतात. कावळ्याला मारलेला दगड पाण्यात पडतो आणि कावळे घाबरतही नाहीत. बेटावर सोळा घरटी आहेत. सात नंबरमध्ये सकाळपासून हालचाल दिसते, अंडं फुटलं असावं, पण वर बसलेलं पाखरू दाखवेल तेव्हा ना. मी हे वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. मघाशी फुफाजींना म्हटलं, बारा वाजायला आले, उठा. म्हणाले, "पाच मिनटं." तुमच्या घरात कोणालाच वेळेवर उठता येत नाही.

तुझं गोणपाट अजून तिथेच आहे, वर दगड ठेवलेला. त्यावर आम्ही दोघंही बसत नाही. पण आता ऊन डोक्यावर आलंय आणि एवढ्या मोठ्या बेटाची दोन्ही टोकं राखायला दोन माणसांना दोन जागी बसावं लागतं. ती जागा मला हवी आहे.

मी आत्ता नदीवर जाऊन आले. ओढणी पूर्ण भिजवली आहे. निथळते आहे, बघ, वहीच्या पानावर थेंब पडले.

बारा वाजले, आत्या. ऊठ.